संकासुराचा आवाज : एका हातबाहुलीचं प्रकरण

गेल्या श्रावणात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत आमचा बाहुलीनाट्याचा प्रयोग होता. संकासुर पडद्यावर आला, तो बोलू लागला, आणि पहिलीतलं एक पोर उठून दाराशी बसलेल्या आजीच्या कुशीत शिरलं. बाकीची मुलं हसली नाहीत, घाबरलीही नाहीत. ती एकमेकांकडे बघत राहिली, कारण संकासुर काय बोलतोय हेच त्यांना कळत नव्हतं. पडद्यामागे बाहुली हातात घेतलेल्या बाई जीव तोडून किंचाळत होत्या. त्या आठवड्यातला तो तिसरा प्रयोग होता आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा स्वतःचा आवाज पूर्ण बसला.

मी फोंड्याजवळ मुलांना नाटक शिकवते. आवाजाची तालीम घेणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे या प्रकरणातला मुख्य दोष माझाच आहे. तो आवाज मी ठरवला होता.

आमची मंडळी तिघांचीच. बाई स्वतः प्राथमिक शिक्षिका, हात विलक्षण चपळ. पखवाजावर बारावीतला एक मुलगा. तिसरी मी. बाहुल्याही तीनच होत्या: ब्रह्मदेव, संकासुर आणि शेवटी येणारा कापडी मत्स्य. कथा दशावतारी लोकनाट्यातली, पेडणे-सत्तरीच्या पोरांना जत्रेतून ठाऊक असलेली. ब्रह्मदेवाला डुलकी लागते, संकासुर वेद पळवतो, विष्णू मत्स्य होऊन ते परत आणतो. प्रयोग बावीस मिनिटांचा.

हातबाहुलीचा घरचा वारसा आमच्यापाशी नव्हता. गोव्याची हद्द ओलांडली की कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी चित्रकथी जपली. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण कळसूत्री बाहुली दोरीवर चालते, तिचा खेळ वेगळा. हातबाहुलीत तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत. केरळातली पावकथकळी अशीच: लाकडात कोरलेलं डोकं आणि हात, खाली शिवलेली कापडी पिशवी, त्या पिशवीत खेळवणाऱ्याचा हात. ओडिशात सखी कुंढेई आहे, उत्तर प्रदेशात गुलाबो-सिताबोचं भांडण. आम्ही या सगळ्यांची छायाचित्रं आणि चित्रफिती पाहिल्या, डोक्याची बांधणी उचलली, वेशभूषेवर चर्चा केल्या. आवाजाकडे मात्र शेवटच्या चार दिवसांत वळलो. संकासुर म्हणजे राक्षस, बाहुली म्हणजे छोटी, म्हणून छोट्या राक्षसाचा आवाज बारीक, चिरका. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये असतो तसा. मी म्हटलं, बाईंनी केलं.

बिघाड कुठे होता

बाई बऱ्या झाल्यावर आम्ही पेटी घेऊन बसलो. त्यांचा रोजच्या बोलण्याचा सूर खालच्या सप्तकातल्या पांढऱ्या पाचच्या आसपास पडत होता. बायकांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण दोनशे वेळा कंप पावतात, पुरुषांचे शंभर-सव्वाशे. म्हणजे बाईंचा सूर अगदी नेहमीचा. संकासुरासाठी मात्र त्या एक सप्तक चढत होत्या. कंपनं दुप्पट, आणि तीही गळा आवळून काढलेली. एखादी किंकाळी म्हणून तो सूर चालला असता. बावीस मिनिटांपैकी नऊ-दहा मिनिटं संकासुरच बोलतो, तेही आठवड्यात तीनदा.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्वरतंतूंना सूज असल्याचं सांगितलं. गाठ नव्हती, हे नशीब. आठवडाभर मौन. कुजबुजणंसुद्धा बंद, कारण कुजबुजताना बाई घसा आणखी ताणत होत्या. आवाज तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर परत या, असंही बजावलं. वर्गात चाळीस मुलांपुढे दिवसभर बोलणाऱ्या बाईला मौन म्हणजे काय, ते शिक्षकांनाच कळेल.

सूर हे एकच कारण नव्हतं. पडद्यामागची त्यांची बसण्याची पद्धत बघितली तेव्हा मला स्वतःचाच राग आला. हात सरळ डोक्यावर, मान मागे टाकलेली, नजर वर बाहुलीकडे. अशा अवस्थेत खांदे वर चढतात, बरगड्या मोकळ्या हलत नाहीत, श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. मान मागे गेली की गळ्याचे स्नायू आधीच ताणलेले असतात. रंगमंचावरच्या नटाला मी असं कधीच बोलू दिलं नसतं. बाहुलीवाली दिसत नाही, म्हणून तिच्या शरीराकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

तिसरं कारण पडदा. आम्ही जाड काळं कापड लावलं होतं, आतलं काही दिसू नये म्हणून. जाड कापड उंच पट्टीचे ध्वनी जास्त गिळतं, आणि स, श, त, च यांच्यासारख्या व्यंजनांची ओळख त्या उंच ध्वनींतच असते. स्वर बाहेर पोचत होते, व्यंजनं आत अडकत होती. चिरक्या आवाजात आधीच शब्द नीट घडत नाहीत. उरलंसुरलं पडद्याने खाल्लं. मुलांपर्यंत जे पोचलं ती नुसती किंचाळी, आणि अर्थ नसलेली किंचाळी ऐकून पाच वर्षांचं पोर घाबरणारच.

ध्वनिमुद्रणाचा मोह

बाईंचं मौन चालू असताना दोन प्रयोग ठरलेले होते. एक डिचोलीतल्या चवथीच्या मांडवात, एक फोंड्याकडे एका देवळाच्या सभामंडपात. नाही म्हणणं जिवावर आलं. मी संकासुराचे संवाद माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित केले, तेही मध्यम सुरात, स्वच्छ उच्चारांत. पखवाजवाल्या मुलाने फोनवरून ते स्पीकरवर लावायचे, बाईंनी फक्त बाहुली चालवायची.

शब्द न् शब्द ऐकू आला. प्रयोग मात्र पडला.

चवथीच्या मांडवात संकासुर वेदांचं बाड पाठीशी लपवून उभा होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "ब्रह्मदेवा, तुज्या फाटल्यान पळय!" तुझ्या मागे बघ. सगळा मांडव हसला. आता संकासुराने तिच्याकडे वळायचं, तिला गप्प करायचं, तिच्याशी हुज्जत घालायची, हे सांगायची गरज नाही. बाईंच्या हाताने ते केलंही, बाहुली गर्रकन त्या मुलीकडे वळली. आणि स्पीकरमधून ठरलेलं पुढचं वाक्य आलं. मुलीने दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही, मग ती प्रसाद कधी मिळणार ते आईला विचारू लागली. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो. बाहुलीने तिच्याकडे पाहिलं होतं आणि तरी तिला ओळख दिली नव्हती.

त्या रात्री मी ध्वनिमुद्रण पुसून टाकलं आणि देवळातला प्रयोग रद्द केला.

बोली

राजस्थानचे कठपुतळीवाले तोंडात 'बोली' धरून खेळ करतात. बांबूच्या पट्ट्यांची एक चिमुकली शिट्टी. तिच्यातून बाहुलीचा आवाज निघतो, शब्द जवळजवळ कळत नाहीत, आणि ढोलक वाजवणारी बाई ते बोलणं लोकांना उलगडून सांगते, त्यावर गाते, प्रश्न विचारते. इंग्लंडातला पंच नावाचा हातबाहुलाही असाच. लंडनच्या रोजनिशीकार सॅम्युअल पेप्स यांनी ९ मे १६६२ रोजी कोव्हेंट गार्डनात इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद केली आहे, आणि पंच आपला वाढदिवस तेव्हापासून मोजतो. त्याच्या खेळवणाऱ्याच्या टाळूशी धातूच्या दोन पट्ट्या आणि त्यांमधली फीत असलेलं साधन असतं. घसा न ताणता कर्कश आवाज त्यातून येतो, आणि बाहेर उभा असलेला साथीदार त्याचं बोलणं परत म्हणून दाखवतो.

बाईंना हे पटलं. घसा वाचतो, आणखी काय हवं? आम्ही फीत आणि पट्ट्या जोडून एक साधन बनवलं. बाईंना ते तोंडात धरताच उमासे येऊ लागले, आणि गिळलं जाईल या भीतीने त्यांचं बाहुलीकडे लक्ष राहीना. शिवाय संकासुराची सगळी गंमत त्याच्या शब्दांत आहे. पंच काठी चालवतो, संकासुर तोंड चालवतो. साधन आम्ही सोडलं. त्यातली एक गोष्ट मात्र माझ्या मनात अडकून राहिली: या दोन्ही परंपरांत बाहुलीचा आवाज एकट्या बाहुलीवाल्याचा नाही. बाहेर कुणीतरी तो झेलायला बसलेला असतो.

काकांची दुपार

मग आम्ही पेडण्याच्या एका जुन्या दशावतारी कलावंताकडे गेलो. वय सत्तरीपुढे. उमेदीच्या वर्षांत रात्र-रात्र संकासुर उभा केलेला. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, बोलणं त्या रात्रीचं. काकांनी आमचा बाहुला हातात घेतला, उलटसुलट पाहिला, लाल कापडाची जीभ ओढून बघितली. बाईंनी दबकत दबकत जुना आवाज दोन वाक्यं काढून दाखवला.

काका म्हणाले, "बाय, संकासुर वरडना नाय. तो इचारता."

संकासुर ओरडत नाही, तो विचारतो. मी वही बाजूला ठेवली.

पुढचा तासभर त्यांनी आवाजाबद्दल एक अक्षर काढलं नाही. ओसरीवर उठून उभे राहिले आणि चालून दाखवलं. तीन जड पावलं, मग थांबा, मग डोकं तिरकं. तीन पावलं, थांबा, डोकं तिरकं. पखवाजवाल्या मुलाने मांडीवर 'धा, किट, धा' धरलं आणि थांब्याला हात रोखला. काकांच्या डोळ्यांत चमक आली. मग त्याच लयीत बोलले. तीन शब्द, थांबा, मग प्रश्न. "ह्या काय आसा? ... खावचा काय वाचूचा?" वेद हातात घेऊन. आम्ही तिघं हसून लोटपोट झालो. त्यांचा सूर त्यांच्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा फार वर नव्हता, आणि तरी तो माणूस काका राहिला नव्हता.

निघताना त्यांनी बाहुला बाईंच्या हातावर चढवला आणि म्हणाले, "आदीं हात, मागीर तोंड." आधी हात, मग तोंड.

ओडिशाच्या सखी कुंढेईत खेळवणारा एका हाताने ढोलक वाजवतो आणि दुसऱ्या हाताने बाहुली हलवतो. संवाद, हालचाल आणि ठेका तिन्ही एकाच अंगातून निघतात. हे मी चित्रफितीत पाहिलं होतं आणि कसरत म्हणून कौतुकही केलं होतं. त्यामागचं कारण पेडण्याच्या ओसरीवर उमगलं. हातबाहुलीचं तोंड हलत नाही. आमच्या संकासुराचं तर कागदाच्या लगद्याचं एकसंध डोकं. तो बोलतोय हे प्रेक्षकाला फक्त हालचालीवरून कळतं. हालचाल एका लयीत आणि आवाज दुसऱ्या लयीत असेल, तर आवाज कितीही रंगीत असो, तो पडद्यामागून आलेला वाटतो. दोन्ही एका लयीत आले की साधा आवाजही बाहुलीच्या तोंडून येतो. मी उलट्या टोकाने सुरुवात केली होती.

पुन्हा बांधणी

पंधरा दिवस बाईंनी एकही शब्द न बोलता बाहुली चालवली. समोर आरसा, बाजूला पखवाज. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की डोकं जड आहे. लगदा आम्ही जाड थापला होता. तिरकं झालेलं डोकं परत सरळ आणायला तर्जनीला वेळ लागत होता, आणि आधीच्या प्रयोगांत बाई त्या वेळात घाईने बोलून मोकळ्या होत होत्या. मी नवं, हलकं डोकं करूया म्हणाले. बाईंनी ठाम नकार दिला. त्यांचं म्हणणं, हा वेळच संकासुराचा आहे, त्याला कळायला वेळ लागतो. त्या दिवसापासून संकासुराच्या प्रत्येक प्रश्नाआधी एक पोकळी आली. डोकं हळूहळू तिरकं होतं, तिथे थांबतं, मग प्रश्न. आवाजाचा स्वभाव त्या जड डोक्याने ठरवला.

सूर मग पेटीवर बसवला. बाईंचा नेहमीचा सूर सा मानला, तर संकासुर म वर. चार सुरांची चढण, गळ्याला सहज पेलणारी. ब्रह्मदेव खालच्या ध वर, संथ, लांब श्वासाचा. दोघांत अंतर राहिलं पाहिजे, कारण दोन्ही बाहुल्या बाईंच्याच दोन हातांत. आधीच्या प्रयोगांत भांडण रंगलं की ब्रह्मदेवही चिरकू लागायचा. नुसत्या सुराच्या भरवशावर आम्ही राहिलो नाही. ब्रह्मदेव वाक्य पूर्ण करतो, शेवटचं अक्षर ठेवून देतो. संकासुर वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि शेवटचं अक्षर ओढतो. ब्रह्मदेवाचा आवाज छातीत घुमतो, संकासुराचा थोडा नाकात, पण गळा मोकळा ठेवून. सराव म्हणून बाईंनी दोघांना गावातल्या बाजारात माशांचा भाव करायला लावलं. संहितेबाहेरच्या बोलण्यातही दोन माणसं वेगळी राहिली, तेव्हा आम्ही पुढे सरकलो. एक नियम कडक पाळला: जो बोलतो तोच हलतो, दुसरा स्तब्ध. हा नियम साधा वाटतो, पण उजवा हात हलला की डावा आपोआप हलतो, आणि तो गप्प ठेवायला बाईंना सर्वांत जास्त दिवस लागले.

पडदा बदलला. बाईंच्या तोंडाच्या उंचीवर दोन वीत रुंदीची पट्टी कापून तिथे काळं जाळीदार कापड शिवलं. बसायला बुटकं स्टूल, कोपरं टेकायला आडवी फळी, बाहुल्या डोक्यावर न धरता चेहऱ्याच्या जरा पुढे. मान सरळ झाली. या सुतारकामाला एक दुपार आणि जुन्या बाकाची फळी एवढाच खर्च आला. आवाजासाठी केलेल्या सगळ्या कामांत सर्वांत जास्त फरक मला याचाच वाटतो.

आणि पखवाजवाला मुलगा पडद्याबाहेर आला. तो आता संकासुराचं बोलणं झेलतो, कधी परत उच्चारतो, कधी त्याला खोटं पाडतो. "वाचूचा? तुका वाचूक येता?" असं तो विचारतो तेव्हा संकासुर डोकं तिरकं करून बराच वेळ थांबतो आणि मुलं आधीच हसायला लागतात.

भाषेचा प्रश्न

हा प्रश्न मला अजून सतावतो. आमच्या पहिल्या संहितेत संकासुर पुस्तकी मराठी बोलत होता. काकांकडून आल्यावर तो मालवणी वळणाने बोलू लागला आणि मुलांच्या चेहऱ्यांवर लगेच ओळख उमटली. सत्तरीची ही मुलं घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठी लिहितात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा राहिली. मुलांना या तरतुदी ठाऊक नसतात, पण फळ्यावरची भाषा कोणती आणि चुलीजवळची कोणती हे त्यांना नेमकं कळतं.

बाईंनीच शंका काढली. ब्रह्मदेव शुद्ध मराठी बोलतो आणि वेद पळवणारा राक्षस मुलांच्या घरच्या भाषेजवळचं बोलतो. यातून आपण मुलांना काय सांगतो? घरचं बोलणं ते अडाण्याचं?

काकांना फोन केला. त्यांच्या मते जत्रेत लोक संकासुराला हसतात तसे त्याच्याबरोबरही हसतात, कारण देवाला जे विचारायची कुणाची छाती होत नाही ते तो विचारतो. मला हे उत्तर मोलाचं वाटतं, तरी पुरेसं वाटत नाही. जत्रेतल्या प्रेक्षकाला संकासुराची जुनी ओळख असते, वर्गातल्या मुलांपैकी काहींना ती नसते. म्हणून आम्ही पडद्याबाहेरच्या पखवाजवाल्या मुलालाही घरच्याच बोलीत बोलायला लावलं. खोटं पकडणारा, शहाणा, मुलांच्या बाजूचा माणूसही तीच भाषा बोलतो. शेवटी मत्स्य वेद परत आणतो तेव्हा ब्रह्मदेव त्या मुलाचे आभार मानतो, आणि एक वाक्य त्याच्या बोलीत बोलायचा प्रयत्न करतो. चुकतो. मुलं त्याला दुरुस्त करतात. ही जागा कोणी लिहिली नाही. तिसऱ्या तालमीत बाईंची जीभ घसरली आणि पखवाजवाला हसला, तेव्हा ती सापडली.

त्यानंतर

दिवाळीनंतर त्याच सत्तरीच्या शाळेत पुन्हा प्रयोग झाला. आजीच्या कुशीत शिरलेलं पोर या वेळी दुसऱ्या रांगेत होतं. संकासुर आला, तीन पावलं, थांबा, डोकं तिरकं. त्याने विचारलं, "कोन रे थंय?" पोराने स्वतःचं नाव सांगितलं. संकासुराने ते नाव चुकीचं उच्चारलं, पोराने परत सांगितलं, आणि हे चार वेळा चाललं. कथा तेवढा वेळ थांबली. थांबू दिली.

बाई आता दिवसाला दोनपेक्षा जास्त प्रयोग करत नाहीत आणि दोन प्रयोगांमध्ये वर्गही घेत नाहीत. बोलवणारे कधी नाराज होतात, आम्ही ऐकत नाही. प्रयोगाआधी दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुणणं, हाताशी कोमट पाणी. घसा पुन्हा बसलेला नाही.

त्यांना पर्याय हवा म्हणून पखवाजवाल्या मुलाला आम्ही संकासुर शिकवतो आहोत. त्याने आधी बाईंच्या आवाजाची नक्कल केली, हुबेहूब, आणि ती निर्जीव निघाली. मग त्याच्याकडून तोंड मिटून पंधरा दिवस नुसतं डोकं तिरकं करून घेतलं. त्याचा संकासुर बाईंच्या संकासुरापेक्षा बराच खालच्या सुरात बोलतो, आणि तोही डोकं तिरकं करून तेवढाच वेळ थांबतो. परवा तालमीला वाड्यावरची चार मुलं खिडकीत उभी होती. बाहुली दिसण्याआधी, पडद्यामागून त्याची पहिली तीन पावलं आणि थांबा ऐकूनच त्यांतलं एक म्हणालं, "संकासुर इलो."